कण्हेरीच्या कुळातलं पान

शालनच्या हातात कुणी फूल दिलं, की ती आधी ते उलटं करायची. वास नंतर, रंग नंतर. देठ कसा आहे, त्यावरची हिरवी वाटी फाटलेली की अखंड, पाकळ्या सुट्या की एकमेकींना चिकटलेल्या, हे बघून झालं की नखाने फूल उभं चिरायचं आणि आतला बीजकोश कुठे बसलाय ते पाहायचं. निवृत्तीच्या समारंभात मिळालेला गुलाबसुद्धा तिने व्यासपीठावर बसल्या बसल्या असाच सोलला होता, आणि शेजारच्या प्राचार्यांनी ते दिसूनही न दिसल्यासारखं केलं होतं.

बेंगळुरूच्या एका मुलींच्या कॉलेजात तिने नोकरीभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यातही तिचा जीव फुलझाडांच्या कुळांवर. पहिल्याच तासाला ती मुलींना बजावायची की दिसण्यावर जायचं नाही. सूर्यफूल म्हणजे एक फूल नव्हे, एका तबकात दाटीवाटीने बसलेली शेकडो फुलं. बोगनवेलीचा गुलाबी रंग पाकळ्यांचा नाही, रंगलेल्या पानांचा. खरं फूल आत पांढरं, एवढंसं असतं. तुळशीची नि पुदिन्याची काडी बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागेल. जास्वंदीचे पुंकेसर एका नळीत बांधलेले असतात, भेंडीच्या फुलातही तसेच, म्हणून ती दोघं एका घरची. पण एका खुणेवर विसंबायचं नाही. चार खुणा जुळल्या तरच कुळाचं नाव तोंडातून काढायचं, आणि फूलच मिळालं नसेल तर गप्प बसायचं. फूल नाही तर कुळ नाही, हे तिचं वाक्य मुली तिच्या पाठीमागे तिच्याच आवाजात म्हणून दाखवायच्या.

ही सवय वर्गात राहिली असती तर ठीक होतं. पण शालन मेथी घेतली तरी जुडी सोडून आत काय मिसळलंय ते बघायची. शेजाऱ्यांनी दिलेला प्रसाद हुंगून खायची. रिक्षावाला जास्त गोड बोलला तर मुद्दाम एक चौक अलीकडे उतरायची, म्हणजे त्याला घर कळू नये. लग्नाचं वय होतं तेव्हा धारवाडचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा चांगला होता, पण शालनने त्याला इतके प्रश्न विचारले की त्याच्या आईने परतीच्या गाडीतच नकार ठरवून टाकला. शालनला त्याचं फारसं दुःख झालं नाही. दोन प्रश्नांना तो नजर चुकवून उत्तर देत होता, असं ती पुढे कितीतरी वर्षं सांगायची.

तिचं जवळचं माणूस म्हणजे अण्णा, थोरला भाऊ रघुनंदन. शहाजीराजांच्या काळात इकडे येऊन राहिलेलं त्यांचं देशस्थ घराणं. घरात मराठी, तीही निम्म्याला कन्नडची फोडणी दिलेली. अण्णा विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाला होता आणि येलहंक्यात शालनच्या बैठ्या घरापासून दोन गल्ल्यांवर फ्लॅटमध्ये राहत होता. त्याची बायको वारली तेव्हापासून रविवारचं जेवण बहिणीकडे, हा नेमच झाला होता. मुलगा प्रणीत नोकरीसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटला. तो फोन पुष्कळ करायचा, यायचा कमी. अण्णाला मधुमेह होता आणि गोडाचं वेड होतं. दोन्ही त्याने सारख्याच निष्ठेने सांभाळली होती.

सत्तरी ओलांडल्यावर अण्णाने लग्न केलं.

शारदाबाई विधवा होत्या, साठीच्या आसपास. मल्लेश्वरममध्ये त्यांचं शिवणाचं दुकान होतं. अण्णा तिथे झब्बे शिवायला टाकायचा. त्याही मराठीच, पण शिंप्यांच्या घरातल्या, माहेरचं चिकपेटेत कापडाचं दुकान. शालनला हे कळलं तेव्हा झब्ब्यांची संख्या अलीकडे का वाढली होती तेही कळलं. ती नोंदणी कचेरीत गेली, साक्षीदार म्हणून सही केली, पेढाही खाल्ला. पण एवढ्या वयाची बाई एवढ्या वयाच्या रोगी माणसाशी लग्न कशासाठी करते, हा प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. तिने तो अण्णालाच विचारला. त्यांच्या घरचे कोण, कुठले, आधीचे यजमान कशाने गेले, हेही विचारलं.

अण्णा हसायला लागला. "तुझ्या त्या नव्या वर्गीकरणात रुईचं कुळ कण्हेरीच्या कुळात विलीन केलं, तेव्हाही तू असंच तोंड केलं होतंस."

ते खरं होतं. तिने वर्षानुवर्षं दोन वेगळी कुळं म्हणून शिकवली होती, आणि एके वर्षी कुणीतरी प्रयोगशाळेत जनुकं तपासून सांगितलं की ही दोन घरं नव्हेतच, एकच आहे. शालनने महिनाभर कुरकुर करून मग फळ्यावरचं नाव बदललं होतं. भावाच्या बाबतीत तिला तेवढी घाई नव्हती. शारदाबाईंना ती वहिनी म्हणत नसे. कुठल्याच नावाने हाक मारत नसे. समोर जाऊन बोलायला सुरुवात करायची. त्या मात्र तिला शालनअक्का म्हणायच्या, आणि इतक्या सहज म्हणायच्या की शालनला त्याचाही संशय यायचा.

दसरा झाल्यावर अण्णाची तब्येत बिघडायला लागली. आधी नुसतं मळमळणं. मग उलट्या, गळून जाणं, उठताना चक्कर. एकदा तो म्हणाला, दिवे पिवळे दिसतात. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या बदलून दिल्या, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. शालन रोज फोन करून विचारायची, आणि विचारता विचारता तिच्या लक्षात आलं की हे सगळं एका ठरलेल्या वारी होतं. दुखणं रविवारी संध्याकाळी सुरू व्हायचं, सोमवारभर चालायचं, आणि बुधवारपर्यंत अण्णा पुन्हा ठणठणीत.

रविवारी दुपारी अण्णा तिच्याकडे जेवायचा, तिच्या नजरेखालून जायचा. तिथे तो हसतखेळत असायचा, जरा सुस्तावलेला एवढंच. घरी परतला की बिघडायचं. शारदाबाई रविवारी सकाळी त्यांच्या समाजाच्या भजनाला शहरात जायच्या, तिन्हीसांजेला परत यायच्या आणि आल्या आल्या नवऱ्याला कषाय, म्हणजे काढा, करून द्यायच्या. हे अण्णानेच कौतुकाने सांगितलं होतं.

एका मंगळवारी शालन न कळवता त्यांच्याकडे गेली. शारदाबाईंनी चहा ठेवला. शालनने कषायाचा विषय काढला, मला पण पित्त होतं, जरा कृती सांगा म्हणाली. शारदाबाईंनी डबाच पुढे केला. धणे, जिरं, सुंठ, ज्येष्ठमध. शालनने चिमूटभर तळहातावर घेऊन चष्म्याखाली धरलं, एक एक दाणा वेगळा केला. धणे धणेच होते. त्यातला एक न फुटलेला दाणा तिने दाताखाली धरला, तोही धण्याचाच लागला.

मग ती बाल्कनीत गेली. कुंड्यांना पाणी घालू का, असं विचारून तिने झारी हातात घेतली आणि एक एक झाड तपासायला लागली. दोड्डपत्रे, म्हणजे पानओवा: चौकोनी खोड, समोरासमोर पानं, तुळशीचं कुळ, निरुपद्रवी. मधुमेहावर म्हणून हल्ली जो तो लावतो ते इन्सुलिनचं झाड: खोडाभोवती जिन्यासारखी चढत गेलेली पानं, आल्याच्या नात्यातलं, ठीक. कोरफड. गवती चहा, तो खरंच गवतच आहे ना म्हणून तिने पात्याची धार बोटाने पाहिली. कोपऱ्यात एक झुडूप होतं. पानं गडद, गुळगुळीत, जोडीजोडीने आलेली. फूल एकही नाही. शालनने एक पान खुडलं, आणि देठातून पांढरा चीक आला.

जोडीने पानं आणि पांढरा चीक. कण्हेरीचं कुळ. या कुळात देवाला वाहायची फुलं आहेत, कुड्यासारखी औषधं आहेत, आणि हृदय थांबवणारी विषंही आहेत. पिवळ्या कण्हेरीच्या बियांनी काय होतं ते तिने स्वतः वर्गात सांगितलेलं होतं: मळमळ, मंद नाडी, पिवळं दिसणं.

"नंदबट्टलु आहे ते," मागून शारदाबाई म्हणाल्या. "देवाला फुलं होतात. काल सगळी काढली."

नंदबट्टलु म्हणजे तगर. असू शकत होती. पण फूल नव्हतं, आणि फूल नसताना दुसऱ्याच्या शब्दावर नाव मान्य करणं शालनला जमणारं नव्हतं. शारदाबाई आत वळल्यावर तिने ते पान रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं. दार लावून घेताना शारदाबाईंनी तिच्या पर्सकडे एकदा पाहिलं, असं तिला वाटलं.

त्या आठवड्यात तिने प्रणीतला फोन केला. सरळ काही बोलली नाही; बाबांच्या खाण्यापिण्यावर लक्ष ठेव, एवढंच. प्रणीत म्हणाला की आत्या, हे मला याच आठवड्यात दुसऱ्यांदा सांगितलं जातंय. पहिल्यांदा कुणी सांगितलं ते त्याने सांगितलं नाही आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. शालन त्या वाक्यावर विचार करत राहिली. एखाद्या शेजाऱ्यालाही संशय आलाय, असा तिने अर्थ लावला आणि तिचा धीर वाढला.

पुढच्या रविवारी तिने हयग्रीव केलं. हरभऱ्याची डाळ, गूळ, खोबरं, तूप. लहानपणापासून अण्णाचा आवडता नैवेद्य. मधुमेहासाठी वाटी लहान घेतली. अण्णा घामाघूम होऊन आला, तळ्यावर फिरून थेट आलो म्हणाला. जेवला. हयग्रीवाची वाटी चाटूनपुसून साफ केली, आईच्या हातचं आठवलं म्हणाला, आणि आणखी मागितलं. शालनने अर्धा चमचा दिला.

तो हात धुवायला उठला आणि मोरीशीच खाली बसला.

उलटी झाली. चेहरा राखेसारखा झाला. शालनने मनगट धरलं तर नाडीचे ठोके इतके लांब लांब लागत होते की पुढचा येतो की नाही याची तिला वाट पाहावी लागली. शेजारच्यांनी गाडी काढली. इस्पितळात पोचेपर्यंत ती त्याच्याशी कन्नड-मराठीत काहीबाही बोलत राहिली, तो डोळे मिटून हूं हूं करत होता. आणि त्या सगळ्या घाबरगुंडीत तिच्या मनाचा एक कोपरा थंडपणे हिशेब मांडत होता. संध्याकाळ झालेली नाही. कषाय झालेलं नाही. त्या बाई अजून शहरातच आहेत. मग हे झालं कसं?

तरुण डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा जोडल्या, कागदाची पट्टी पाहिली, सलाइन लावलं आणि बाहेर येऊन विचारलं की काय खाल्लं होतं, कुठली औषधं चालू आहेत. शालन सांगायला लागली तेवढ्यात शारदाबाई आल्या. भजनाची इस्त्रीची साडी, कपाळावर अबीर, चेहरा घामेजलेला. त्या शालनकडे वळल्याच नाहीत. सरळ डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या आणि कन्नडमध्ये, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या:

"रविवारी ते यांच्या घरी जेवतात. दर रविवारी रात्री उलट्या होतात. काय घालतात ते यांना विचारा."

शालनला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग तिने डॉक्टरीणबाईंचा चेहरा पाहिला. ती तरुण मुलगी तिच्याकडे अगदी त्याच नजरेने पाहत होती, ज्या नजरेने शालनने ते धणे पाहिले होते. आणि सगळ्यांत वाईट गोष्ट ही की खुणा जुळत होत्या. वार तिचा, घर तिचं, वाढणारा हात तिचा. शिवाय ती वनस्पतिशास्त्र शिकलेली. कुठल्या झाडात काय असतं हे तिच्याहून जास्त त्या इस्पितळात कुणाला ठाऊक होतं? बाहेरच्या कुणी नुसतं पाहिलं असतं तर त्याने तिचंच नाव घेतलं असतं.

"मी?" एवढंच ती म्हणाली.

नर्सने त्याच वेळी अण्णाचे कपडे आणून शारदाबाईंच्या हातात दिले. त्यांनी सवयीने झब्ब्याचे खिसे तपासले. चष्मा निघाला, घराची किल्ली निघाली, आणि एक रुमाल. रुमालात चुरगळलेली हिरवी पानं होती, एका तुटक्या डहाळीला धरून.

"ही तुमच्या बागेतली," शारदाबाई म्हणाल्या.

"माझ्या नव्हे. तुमच्या बाल्कनीतली," शालन म्हणाली, आणि रुमाल स्वतःकडे ओढला.

खिडकीपाशी जाऊन तिने डहाळी उजेडात धरली. पानं समोरासमोर, जोडीजोडीने. देठाच्या टोकाशी चिकाचा सुकून पांढरा थर. कण्हेरीचं कुळ, यात आता वाद नव्हता. पण तगर नव्हती. तिने पर्समधून मंगळवारचं पान काढलं. ते वाळून पातळ झालं होतं. हे दुसरं जाड होतं, चामड्यासारखं, वरून चकाकणारं, आणि डहाळी ताठ नव्हती, पीळ घेतलेली होती. वेलाची डहाळी. म्हणजे बाल्कनीतलं झुडूप हे नव्हेच. तिच्या स्वतःच्या बागेतही असा वेल नव्हता. कुणाच्याच घरातला नव्हता.

शारदाबाई तिच्या खांद्यावरून ती दोन पानं बघत होत्या. पर्समधलं पान त्यांनी ओळखलं.

शालन डॉक्टरीणबाईंकडे गेली. जन्मभर पाळलेला नियम मोडून, फूल न पाहता तिने सांगितलं की झाडाचं नाव मला सांगता येणार नाही, पण कुळ सांगते. या कुळातल्या बऱ्याच झाडांत हृदयावर काम करणारं विष असतं, त्या दिशेने बघा. डॉक्टरीणबाईंनी तिला पुन्हा एकदा नीट न्याहाळलं. मग हृदयाच्या एका औषधाचं रक्तातलं प्रमाण मोजायची तपासणी असते ती करायला सांगितली. ते औषध अण्णा घेत नव्हता, तरी तपासणीत ते सापडल्यासारखं आलं, कारण हे विष त्या औषधाच्याच जातीचं होतं. त्यावर पुढचे उपचार झाले. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर दोघी दोन टोकांना बसून राहिल्या. मधल्या रिकाम्या जागेत झब्बा होता. प्रणीत आला, त्याने दोघींकडे पाहिलं आणि तो उभाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाडी बरी झाली. दोघींना एकत्र आत सोडलं. एकटीला कुणालाच सोडू नका, असं दोघींनीही स्वतंत्रपणे नर्सला सांगितलं होतं.

शालनने रुमाल दाखवला. अण्णाने डोळे मिटून घेतले, झोप आल्यासारखे. शारदाबाईंनी त्याच्या अंगठ्याला हलकेच धरलं आणि म्हणाल्या, "सांगा."

तेव्हा सगळं बाहेर आलं. एरवी सकाळी फिरायला शारदाबाई बरोबर असायच्या. रविवारी त्या भजनाला गेल्या की अण्णा एकटा तळ्यावर जायचा. तिथे वेणुगोपाल नावाचे एक ओळखीचे गृहस्थ होते, निवृत्त, मोबाइलवर आरोग्याचे संदेश पाठवण्यात पटाईत. त्यांनी तळ्याच्या कुंपणावरचा एक वेल दाखवला. मधुनाशिनी, म्हणाले, साखरेवर रामबाण. मोबाइलने फोटो काढून खात्रीही करून दिली. तेव्हापासून अण्णा दर रविवारी मूठभर पानं चावून खायचा आणि मग बहिणीकडे येऊन निर्धास्त गोड जेवायचा. बायकोला सांगितलं असतं तर गोड बंद झालं असतं, बहिणीला सांगितलं असतं तर पान बंद झालं असतं. म्हणून कुणालाच सांगितलं नाही. काल जरा जास्तच खाल्ली होती, आणि उरलेली रुमालात ठेवली होती.

शालनने डहाळी पुन्हा रुमालात गुंडाळली. मग तिने विचारलं, "काल हयग्रीव कसं लागलं?"

"फार छान. गूळ जरा कमी होता."

"मधुनाशिनी चावली की तासभर जिभेला गोड कळत नाही, अण्णा. साखर तोंडात टाकली तर वाळू खाल्ल्यासारखी लागते. म्हणून तर तिचं ते नाव. तुला गूळ कमी आहे हेसुद्धा कळलं. मग तू खाल्लंस ते काय?"

शारदाबाईंनी शालनकडे मान वळवून पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदा.

दुपारी दोघी तळ्यावर गेल्या. एकमेकींवर विश्वास बसला म्हणून नव्हे. वेल दुसरीने एकटीने जाऊन पाहावा हे दोघींनाही नको होतं. कुंपणावरचा वेल त्याच सकाळी कुणी छाटून काढला होता, त्यामुळे फूल नव्हतं. पण एक फांदी शेजारच्या झाडावर चढून गेली होती आणि तिथे जोडीने शेंगा लटकत होत्या, समोरासमोर फाकलेल्या, बैलाच्या शिंगांसारख्या. शालनने काठीने एक जोडी पाडली. खऱ्या मधुनाशिनीच्या पानावर मऊ लव असते, फूल मोहरीएवढं पिवळसर. हिचं पान तुळतुळीत आणि शेंग शिंगासारखी. शोभेसाठी बागांत लावलेली आणि मग मोकाट सुटलेली रबरवेल. दोन्ही आता एकाच कुळात मोजतात, तिने शारदाबाईंना सांगितलं. एक औषध, एक विष. मोबाइलने कुळापर्यंत बरोबर आणून सोडलं असेल आणि पुढे चुकला असेल.

वेणुगोपाल बाकावरच होते. शारदाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मग बऱ्याच आढेवेढ्यांनंतर त्यांनी कबूल केलं की पहिल्या आठवड्यात एक पान खाऊन त्यांनाही ओकारी आली होती, म्हणून त्यांनी पुढे घेतलं नाही. मग यांना का सांगितलं नाही, असं शालनने विचारलं. त्यांना वाटलं होतं, आपल्याच पोटाला सोसलं नसेल. ते मान खाली घालून बसले. दोघींनाही त्यांचं पटलं नाही, पण आणखी काही विचारण्यासारखं नव्हतं.

परत येताना रिक्षा मिळेपर्यंत त्या फाटकाशी उभ्या होत्या.

"माझ्या तगरीचं पान तुम्ही पर्समध्ये घातलंत," शारदाबाई म्हणाल्या.

"हो."

"मी प्रणीतला तुमच्याबद्दल फोन केला होता."

"कळलं ते. उशिरा कळलं."

शारदाबाईंनी पदराने कपाळ पुसलं. "माझे पहिले यजमान कावीळ होऊन गेले, शालनअक्का. तुम्ही यांना विचारलं होतं ना. मला विचारलं असतंत तर मीच सांगितलं असतं."

चुकलं, असं शालन म्हणाली. पण रिक्षा येऊन थांबली होती आणि शारदाबाईंनी ते ऐकलं की नाही हे तिला कधीच कळलं नाही. रिक्षात बसल्यावर तिने स्वतःच्या घराचा पूर्ण पत्ता सांगितला आणि शारदाबाईंना आधी उतरवलं.

अण्णा घरी आला. तळ्याची देखभाल करणाऱ्या मंडळाला शालनने शेंगा नेऊन दाखवल्या आणि वेल मुळासकट काढेपर्यंत त्यांचा पिच्छा पुरवला. रविवारचं जेवण सुरू राहिलं, फक्त आता शारदाबाईही येऊ लागल्या. भजन त्यांनी शनिवारवर नेलं. सुरुवातीला त्या स्वतःच्या हाताने दोन पदार्थ करून आणायच्या आणि अण्णाच्या ताटात आधी तेच वाढायच्या. शालनला ते दिसत होतं. तिने हरकत घेतली नाही. त्यांच्या जागी तिनेही तेच केलं असतं. तिनेही त्या डब्यातला घास पहिल्यांदा जिभेच्या टोकावर थांबवूनच गिळला होता. मात्र एका रविवारी जेवायला आलेल्या कुणीतरी अण्णाला विचारलं की या कोण, आणि अण्णा तोंड उघडायच्या आत शालनच म्हणाली, आमच्या वहिनी. शारदाबाई तेव्हा भाताचं भांडं उचलत होत्या, ते तसंच त्यांच्या हातात राहिलं.

संक्रांतीच्या सुमाराला, बाजारात अवरेकाईचा, म्हणजे पावट्याच्या शेंगांचा, घमघमाट सुटलेला असताना, वेणुगोपाल एका रविवारी पिशवी घेऊन शालनच्या दारात उभे राहिले. शेंगा होत्या, हिरव्या, कोवळ्या, वासाच्या तेलाने चिकट. झालं गेलं ते मनात ठेवू नका, गावाकडून आल्यात, स्वल्प घ्या म्हणाले. अण्णाने त्यांना आनंदाने आत बसवलं. शालनने पिशवी टेबलावर रिकामी केली, शारदाबाईंनी चष्मा लावला, आणि दोघी समोरासमोर बसून शेंगा सोलायला लागल्या. प्रत्येक शेंग आधी उजेडात धरली जात होती, मग उघडली जात होती, मग आतले दाणे बोटाने एकदा फिरवले जात होते. वेणुगोपाल ते पाहत बसले. चहा आला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही. अण्णाने आधी एक घोट घेतला, तेव्हा कुठे त्यांनी आपला कप उचलला.